शिआनला एक दिवस प्रायव्हेट गाइड घ्यावा का? (टेराकोटा आर्मी वगैरे)

शेवंती

नमस्कार मंडळी,

नवऱ्याचं ऑक्टोबरात शांघायला ऑफिसचं काम निघालंय, त्याला जोडून मी आणि सासूसासरे असे तिघं मागाहून जाणार आहोत. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, जन्मभर पोरांना ह्युएनत्संग शिकवला, त्यामुळे शांघायचे टॉवर तुम्ही बघा, मला शिआन दाखवा असं त्यांनी जाहीर करून टाकलंय. शिआन म्हणजे टेराकोटा आर्मीवालं (सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक), जुनं छांगआन.

तिथे एक पूर्ण दिवस आणि पुढचा अर्धामुर्धा दिवस हातात आहे. एका एजंटने प्रायव्हेट टूरचं कोटेशन पाठवलंय. इंग्रजी बोलणारा गाइड, गाडी, ड्रायव्हर, आणि एका दिवसात टेराकोटा आर्मी, हुआचिंग पॅलेस, बानपोचं अश्मयुगीन गाव, शहराची तटबंदी, बिग वाइल्ड गूज पॅगोडा (बौद्ध मनोरा) आणि संध्याकाळी मुस्लिम गल्ली. मधेच 'कल्चरल वर्कशॉप' अशी एक ओळ आहे, ती काय भानगड आहे कळलं नाही. पैसे सणसणीत सांगतोय.

तर गाइड खरंच लागतो का, की आपलं आपण मेट्रोने जमतं? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

चतकोर

रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या वर्षी जायचा विचार आहे.

तिरकस

सहा ठिकाणं एका दिवसात? हे म्हणजे अष्टविनायक एका दिवसात उरकण्यासारखं झालं, देवाला हात जोडेपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मास्तरांना घेऊन जाताय ना, ते प्रत्येक पाटी वाचणार, मग तुमचं पहिलंच ठिकाण संध्याकाळपर्यंत चालेल.

बाणेर_ते_बीजिंग

नोकरीनिमित्त बरीच वर्षं चीनमध्ये काढली, शिआनला पाहुण्यांना घेऊन जाणं हे एक पार्ट टाइम कामच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भूगोल समजून घ्या. टेराकोटा आर्मी शहरात नाहीये, पूर्वेला लिंतोंग भागात आहे, गाडीने तासभर तरी धरा. हुआचिंग पॅलेस त्याच रस्त्यावर, बानपो पण शहराच्या पूर्व बाजूलाच. त्यामुळे कागदावर हे तिन्ही एका लायनीत छान दिसतं. पण तटबंदी शहराच्या मधोमध आणि पॅगोडा दक्षिणेला. म्हणजे पूर्वेकडून परत येताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकून मग दक्षिणेला जायचं. एजंटला ते माहीत असतं, तो तुम्हाला पॅगोडा बाहेरून दाखवणार, फोटो काढायला लावणार आणि यादीवर टिक करणार.

प्रायव्हेट टूरमध्ये पैसे माणशी नसतात, गाडी अधिक गाइड असा दिवसाचा दर असतो. त्यामुळे चौघं असाल तर परवडतं, एकटादुकटा असेल तर जीवावर येतं. कोटेशनमध्ये बघायचं ते हे की तिकिटं धरलीत का, जेवण धरलंय का, आणि शॉपिंग स्टॉप आहेत का. तुमचं ते 'कल्चरल वर्कशॉप' म्हणजे बहुतेक टेराकोटाच्या प्रतिकृती बनवायचा कारखाना. दहा मिनिटं माती दाखवतात आणि मग एक मोठ्ठा हॉल असतो, त्यात पुतळे, जेड, रेशमी गालिचे, लॅकरचं फर्निचर. तुम्ही जे घ्याल त्यावर कमिशन.

तिकिटाचं सांगतो. टेराकोटा म्युझियमचं तिकीट १२० युआन, आणि ते पासपोर्टच्या नावाने आधी बुक करावं लागतं, गेटवर मूळ पासपोर्ट दाखवायचा, झेरॉक्स चालत नाही. गाइड घेतलात तर ही बुकिंगची डोकेदुखी त्याची. माझ्या मते गाइडचे अर्धे पैसे इथेच वसूल होतात.

ऑक्टोबरात नक्की कधी? १ ते ७ ऑक्टोबर चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. त्या आठवड्यात असाल तर मी म्हणेन शिआनच रद्द करा.

शेवंती

बापरे, मस्त माहिती. नाही, २० तारखेच्या पुढे आहोत.

आडवाटेचा_पाटील

बाणेरसाहेबांशी थोडा असहमत. गाइड-बिइड काही लागत नाही. शिआनची मेट्रो एक नंबर आहे, स्टेशनांची नावं इंग्रजीत, घोषणा इंग्रजीत. लाइन १ वरून लाइन ९ ला बदलायचं, हुआचिंगछी स्टेशनला उतरायचं, तिथून बस. सगळं मिळून आपल्याकडच्या वडापावच्या पैशात. म्युझियममध्ये ऑडिओ गाइड मिळतो, नाहीतर आधी घरी वाचून जावं. मी बायकोला घेऊन असाच गेलो, सकाळी दार उघडायला हजर, दुपारी उशिरापर्यंत आत. कोणी घाई करणारा नाही, कोणी झेंडा धरून पुढे पळणारा नाही. मनाला येईल तिथे बसायचं.

फक्त एक सांगतो, स्टेशनबाहेर किंवा बस स्टँडवर कोणी 'वॉरियर्स, वॉरियर्स' करत गाडीत बसवायला आलं तर अजिबात बसू नका. सिमेंटचे पुतळे मांडलेल्या भलत्याच ठिकाणी नेतात.

खमंग_काकू

पाटील, तुम्ही दोघं तरुण माणसं. इथे सासूबाईंचे गुडघे आहेत हे विसरलात. मेट्रो बदला, जिने चढा, बसची रांग, मग तिकिटाच्या गेटपासून पुतळे सापडले त्या खड्ड्यांपर्यंत पायपीट, ती काही कमी नाही. आत बॅटरीवाल्या गाड्या असतात पैसे देऊन, त्या घ्याच. आणि बाहेर पडायचा रस्ता मुद्दाम दुकानांच्या लांबलचक गल्लीतून काढलाय, थकलेल्या माणसाला तिथे रडू येईल. वयस्कर माणसं असतील तर गाडी हवीच, गाइड असो वा नसो.

आणखी एक महत्त्वाचं, संडास. बऱ्याच ठिकाणी भारतीय पद्धतीचेच असतात, गुडघेवाल्यांना त्रास. टिश्यू पर्समध्ये ठेवा, आत असेलच असं नाही. गाइडला सकाळीच सांगून ठेवायचं की वेस्टर्न कुठे आहे तिथे थांबव, अपंगांसाठीच्या खोलीत असतो बहुतेकदा.

खाण्याचं वेगळ्या प्रतिसादात लिहिते, कुकर लावायचाय.

पाटीचा_धनी

गाइडच्या माहितीबद्दल सावध राहा एवढंच. चांगले असतात, लायसन्स काढायला परीक्षा असते, पण ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या ठिकाणी सांगतात. आमच्या गाइडने तलवारीच्या काचेसमोर उभं करून सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वी चिनी लोकांना क्रोम प्लेटिंग येत होतं, म्हणून हत्यारं गंजली नाहीत. सगळे आ वासून. आता ही थिअरी जुनी झाली. २०१९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि टेराकोटा म्युझियमच्याच संशोधकांनी मिळून दाखवून दिलं की ते क्रोमियम लॅकरमधून आलंय. पुतळ्यांना आणि हत्यारांच्या दांड्यांना लावलेलं लॅकर (रोगणासारखा लेप), त्यातलं क्रोमियम शेजारच्या धातूला लागलं. हत्यारं टिकली ती ब्राँझमध्ये कथलाचं प्रमाण जास्त असल्यामुळे आणि तिथली माती आम्लधर्मी नसल्यामुळे.

मी हे गाइडला हळूच म्हटलं तर तो हसला आणि म्हणाला, पाहुण्यांना क्रोमची गोष्ट आवडते.

तिरकस

हाहा, आपल्याकडचे गाइड काय वेगळं करतात. प्रत्येक किल्ल्यावरून एक भुयार पुढच्या किल्ल्यावर जातंच.

वऱ्हाडी_ठेचा

आन् त्या भुयारात सोनं रायतेच राजेहो!

पाटीचा_धनी

सोन्याचं नाही, पण पाऱ्याचं आहे बरं का. चीनचा पहिला सम्राट छिन श्र ह्वांगची मुख्य कबर अजून उघडलेलीच नाहीये. सगळ्यांना वाटतं टेराकोटा आर्मी म्हणजे कबर, तर ते तिचे पहारेकरी, पूर्वेला दीडेक किलोमीटरवर. खरी कबर मातीच्या टेकडीखाली. सिमा छिआन नावाच्या इतिहासकाराने सम्राट गेल्यावर शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलं की आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या. आणि त्या टेकडीच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच आजूबाजूपेक्षा जास्त निघालंय. उघडत नाहीत त्याचं कारण भुताखेताचं नाही, आतलं टिकवून ठेवायची खात्री नाही हे आहे. पुतळे सापडले तेव्हा त्यांच्यावर रंग होता, लाल, हिरवा, जांभळा. बाहेरची कोरडी हवा लागली की खालचं लॅकर काही मिनिटांत आक्रसून पापुद्रे सुटायचे, रंग त्याच्याबरोबर मातीत. आता आपण बघतो ते सगळे राखाडी.

तुमच्या सासऱ्यांना ही माहिती असेलच, सासूबाईंना गाडीत सांगा, वेळ जाईल.

गोंयचो_माणूस

खड्ड्यांच्या क्रमावरून आमच्या ग्रुपात भांडण झालेलं. बहुतेक गाइड १-२-३ नेतात. मी म्हणतो उलटं करा, आधी ३, मग २, शेवटी १. तीन नंबर लहान, सेनापतींचा तळ म्हणतात त्याला. दोन नंबर बराचसा न खणलेला, आत अंधार, पण काचेच्या पेट्यांमध्ये निवडक पुतळे अगदी हाताच्या अंतरावर आहेत, ते बघायचे. आणि मग एक नंबरच्या हॉलमध्ये शिरायचं, २३० मीटर लांब, विमानाच्या हँगरसारखं छत, आणि रांगाच रांगा पूर्वेकडे तोंड करून. हे आधी बघितलं की बाकीचं फिकं वाटतं.

पेटीतला तो गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी आहे ना, त्याच्या मागे जाऊन बूट बघा. वर उचललेल्या टाचेखाली तळव्यावर टाके कोरलेत, पुढे दाट, मधे विरळ, टाचेला परत दाट. घसरू नये म्हणून खऱ्या बुटाला असतात तसे. जमिनीत पुरायच्या पुतळ्याच्या बुटाचा तळवा! मी तिथेच खिळून राहिलो, बायको पुढच्या खड्ड्यात जाऊन परत शोधत आली.

आडवाटेचा_पाटील

बघा, हेच म्हणतोय मी. गाइड असता तर बुटासमोर एवढा वेळ उभं राहू दिलं असतं का?

गोंयचो_माणूस

पाटलानु, बूट दाखवला तो गाइडनेच. आम्ही समोरून फोटो काढून निघालो होतो.

तिरकस

पाटील आउट, क्लीन बोल्ड.

खमंग_काकू

आता खाणं. शिआन म्हणजे मटणाचं माहेरघर. पावाचे तुकडे मटणाच्या रश्शात बुडवून खातात ते यांगरोउ पाओमो, खिमा भरलेला पाव तो रोउच्यामो. मुस्लिम गल्लीत तर दोन्ही बाजूंना शेगड्या, वास, धूर, टांगलेली बकरी. सासूबाईंना तिथे रात्री नेणार असाल तर आधी कल्पना द्या, आमच्या जाऊबाई नाकाला पदर लावून परत फिरल्या होत्या.

पण उपाशी कोणी राहत नाही. लिआंगपी म्हणून थंड नूडल असतात, तांदळाच्या नाहीतर गव्हाच्या, काकडी, मोड, तिखट तेल आणि व्हिनेगर घालून, त्या बिनमांसाच्या असतात. बिआंगबिआंग नूडल पट्ट्याएवढ्या रुंद, त्या टोमॅटो आणि नुसत्या तिखट तेलावर करून मागायच्या, टोमॅटोत अंडं घालायची त्यांना सवय, ते आधी सांगायचं. पर्सिमॉन नावाच्या फळाचे तळलेले गोड वडे मिळतात, पुरणासारखं सारण भरलेले, सासऱ्यांना शुगर नसेल तर जरूर. आणि लिंतोंगची डाळिंबं! ऑक्टोबर म्हणजे हंगामच, रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसलेले असतात.

'मांस नको' म्हटलं तर मटणाचा रस्सा चालतो असा समज होतो. गाइडचा खरा उपयोग इथे. आमची मुलगी होती गाइड म्हणून, ती सरळ आत स्वयंपाकघरात जाऊन सांगून यायची की वेगळी कढई घ्या, रस्सा नको, डुकराची चरबी नको, अंडं नको. तिला मी घरचा चिवडा दिला तर ड्रायव्हरने सगळा संपवला.

सोलापुरी

लिंतोंगची डाळिंबं खाऊन या, मग सोलापूरची खा आणि खरं सांगा. आमचा भगवा जी.आय. (भौगोलिक मानांकन) वाला आहे म्हटलं.

जरा अवांतर. शिआन ज्या प्रांताची राजधानी आहे त्या शान्शी प्रांतातच उत्तरेला येनान आहे. आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९३९ ला येनानला पोचले. पुढे हपेइकडे रणांगणावर काम, तिथेच १९४२ साली गेले, वय अवघं ३२. त्यांची समाधी श्ज्याच्वांगला. आमचा ड्रायव्हर साठीचा असेल, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. गाइडने त्याला सांगितलं की हे कोटणिसांच्या गावचे. त्याने गाडी बाजूला घेतली, मागे वळला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिला. चिनी नावाने ओळखतात तिथे त्यांना, के दिहुआ. गाइड बाई तरुण, तिला फारसं माहीत नव्हतं, मग ड्रायव्हरनेच तिला अर्धा तास इतिहास सांगितला आणि ती आम्हाला भाषांतर करून.

चतकोर

भारीच. आपल्याकडे तरी आजच्या पोरांना किती जणांना माहीत असतील.

जुनी_पोथी

मास्तर ह्युएनत्संगसाठी जातायत म्हणून लिहितो. टेराकोटा सगळे बघतात, पण तुमच्या सासऱ्यांसाठी मुख्य ठिकाण पॅगोडा आहे आणि तेच एजंटने शेवटी ढकललंय.

युआन श्वांग (शाळेतला ह्युएनत्संग) ६४५ साली छांगआनला परतला, ६५७ ग्रंथ घेऊन. ते ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला, दा त्स-अन मंदिराच्या आवारात. आज सात मजले, साधारण ६४ मीटर. खालच्या दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत काळे शिलालेख आहेत, सम्राट तायचुंग आणि त्याच्या मुलाने भाषांतरांसाठी लिहिलेला मजकूर, ६५३ चे. लोक समोरून वर चढायला पळतात आणि ते राहून जातात.

आणि आपला संबंध असा की हा माणूस महाराष्ट्रात येऊन गेलाय. ६४१ च्या आसपास, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक अभिमानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून मग घेतात. लढाई हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात. लढायला निघण्याआधी योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. उत्तरेचा एवढा मोठा हर्षवर्धन, पण त्याला हे राज्य जिंकता आलं नाही, हेही त्यानेच नोंदवलंय. पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन आहे, दारात दगडी हत्ती, ते अजिंठा असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हे कुठल्याही गाइडला माहीत असण्याची शक्यता कमी. मास्तरांनाच गाइडला सांगू दे.

वऱ्हाडी_ठेचा

हत्तीले दारू पाजत होते म्हन्ते! अन् आज आमच्याकडं मानसालेच भेटत नाही, वर्ध्यात राह्यतो ना.

हिरवी_मिरची

'कल्चरल वर्कशॉप'बद्दल माझा अनुभव. आम्ही ज्यांच्याकडून टूर घेतली त्यांनी तोंडी सांगितलं की नो शॉपिंग. प्रत्यक्षात सकाळी म्युझियमला पोचायच्या आधीच कारखाना. मग जेवायला नेलं ते हॉटेल जेडच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिना दुकानातून. मग संध्याकाळी 'मोफत टी सेरेमनी'. चहा छान होता हे खोटं का बोला, पण तटबंदीवर पोचलो तेव्हा सायकली देणं बंद झालं होतं. माझ्या मुलाला त्या भिंतीवर सायकल चालवायचीच होती, तो रात्रभर फुगून बसला. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर म्हणे तुम्ही हसून चहा प्यायलात ना.

म्हणून लेखी घ्या. मेसेजवर एकच वाक्य लिहून मागा की कुठल्याही दुकानात, कारखान्यात, चहाला थांबणार नाही, आणि त्याचं 'ओके' आल्याशिवाय पैसे भरू नका. काहीजण लगेच दर वाढवतात. वाढवू देत, तोच खरा दर असतो.

पाटीचा_धनी

+१. शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

शेवंती

अय्यो, एवढे प्रतिसाद! सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवले, पुलकेशीच्या परिच्छेदावर ते म्हणाले हे गृहस्थ कोण आहेत, त्यांना घरी बोलाव. जुनी_पोथी, तुम्हाला पुण्यात चहाचं आमंत्रण आहे, नो शॉपिंग.

एजंटला विचारलं, वर्कशॉप काढून टाक म्हटलं, त्याने खरंच दर वाढवला.

दोन प्रश्न अजून. हुआचिंग पॅलेस ठेवू का? आणि गाइड तिथे जाऊन घ्यावा का, ऐन वेळी?

बाणेर_ते_बीजिंग

हुआचिंग काढा. थांग राजघराण्याच्या काळातले गरम पाण्याचे कुंड, सम्राट श्वानचुंग आणि यांग ग्वेफेइची प्रेमकथा, आणि १९३६ ला तेव्हाचा चीनचा नेता च्यांग काइ शेक याला त्याच्याच सेनापतींनी तिथे धरलं ती जागा. इतिहास आहे खरा, पण दिसतं ते बरंचसं नव्याने बांधलेलं. टेराकोटानंतर थकलेल्या माणसांना तिथे नेऊ नका. बानपो सहा हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे, मला स्वतःला फार आवडतं, पण झोपड्यांच्या खुणा आणि मडकी बघायला सगळ्यांना उत्साह नसतो.

ऐन वेळी गेटवर गाइड मिळतात, फक्त म्युझियमपुरते, गाडीवाल्यापेक्षा बरेच स्वस्त. पण इंग्रजीवाला त्या वेळी मोकळा असेलच असं नाही, आणि काहींचं इंग्रजी पाठ केलेलं असतं, मधे प्रश्न विचारला की परत पहिल्यापासून सुरू करतात.

कापूसकोंडा

कोणी हानयांगलिंग सुचवलं नाही अजून? हान सम्राट चिंगची समाधी, इ.स.पू. १५७ ते १४१ त्याची कारकीर्द. विमानतळाच्या रस्त्यावर आहे. तुम्ही शांघायहून विमानाने येणार असाल तर सामान गाडीत टाकून थेट तिथेच जाता येतं. सगळं जमिनीखाली, काचेवरून चालायचं आणि पायाखाली खंदक. पुतळे जेमतेम गुडघ्याएवढे, हात नसलेले आणि उघडे. हात लाकडाचे होते ते कुजले, कपडे खरे होते तेही गेले. आणि शेजारी मातीची डुकरं, कुत्री, बकऱ्या, कोंबड्या अशा रांगा लावून मांडलेल्या, पुढच्या जन्मी सम्राटाची आबाळ नको म्हणून. गर्दी नाहीच. बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लागतात, सासूबाईंना खाली बसायला स्टूल मागून घ्या.

मला टेराकोटापेक्षा हे जास्त आवडलं, मारा मला.

तिरकस

मारणार नाही, उघडं करून खंदकात उभं करू.

लेण्याद्री_रिटर्न्स

दिवस वाढवता आला तर लोयांग करा. शिआन नॉर्थवरून बुलेट ट्रेन दीड-दोन तास. लोंगमेन लेणी नदीकाठी, चुनखडीच्या कड्यात, वेई राजघराण्याने ४९३ च्या सुमारास खोदायला घेतली. मधला वैरोचन बुद्ध सतरा मीटरच्या वर, त्यासाठी राणी वू त्स थ्येनने तिच्या शृंगाराच्या खर्चातले पैसे दिले असं तिथल्या शिलालेखातच आहे. आपल्या लेण्यांची सवय झालेल्या डोळ्यांना फरक लगेच कळतो, आपला काळा बसाल्ट, मोठमोठे कक्ष, आत शिरायचं. इथे बरंचसं बाहेरच्या कड्यावर, मधमाशांच्या पोळ्यासारखे कोनाडे.

तिथेच पांढऱ्या घोड्याचं मंदिर, इ.स. ६८ चं मानतात, भारतातून दोन भिक्षू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ घेऊन आले अशी कथा. आवारात सांचीच्या धर्तीवर बांधलेलं भारतीय मंदिर आहे, २०१० ला त्याचं उद्घाटन राष्ट्रपती असताना प्रतिभाताई पाटलांनी केलं. आपल्या जळगावच्या.

गुडघ्यांसाठी मात्र लोंगमेन वाईट. वैरोचनापाशी जायला पायऱ्या आहेत. नदीच्या पलीकडच्या काठावरून समोर सगळं दिसतं, सासूबाईंना तिथे बाकावर बसवा.

बिनसाखरेचा

फोनचं कोणी बोललं नाही. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. भारतातून इंटरनॅशनल रोमिंग घेऊन गेलात तर चालतं, कारण डेटा आपल्याच कंपनीतून फिरून येतो. पैसे सगळे फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून. अलीपे हे पैसे द्यायचं अ‍ॅप भारतातच टाकून, पासपोर्ट व्हेरिफाय करून, कार्ड जोडून ठेवा. सासऱ्यांच्या खिशात थोडी रोख द्या, डाळिंबवालीकडे सुट्टे नसले तरी.

शेवंती

ठरलं बहुतेक. विमानतळावरून थेट हानयांगलिंग, गाडीने. पूर्ण दिवस गाइड आणि गाडी, पण फक्त टेराकोटा, तेही ३-२-१, मग जेवण, आराम, आणि संध्याकाळी तटबंदी. सायकल मी आणि नवरा, सासूबाई बॅटरीच्या गाडीत. पॅगोडा निघायच्या दिवशी सकाळी आम्हीच मेट्रोने जाऊ, कारण सासऱ्यांनी सांगितलंय की तिथे कोणी आपल्याला घड्याळ दाखवायचं नाही. हुआचिंग, बानपो, वर्कशॉप कटाप.

एजंट म्हणतो एवढं कमी बघायला एवढ्या लांब येता का. त्याला लेखी 'ओके' मागितलंय, अजून आलं नाही.

हिरवी_मिरची

नाही आलं तर दुसरा बघा. शिआनमध्ये गाइडांचा दुष्काळ नाही.

जुनी_पोथी

पॅगोड्याच्या आवाराचं तिकीट वेगळं आणि वर चढायचं वेगळं. जिना लाकडी आहे आणि अरुंद, गुडघ्यांना नको. सासरेबुवांना अजून हौस असेल तर शहराबाहेर दक्षिणेला शिंगच्याओ मंदिर आहे, युआन श्वांगच्या अस्थी ६६९ साली तिथे ठेवल्या. छोटी पाच मजली विटांची बांधणी. टॅक्सी करावी लागेल आणि परतीची टॅक्सी थांबवून ठेवा. चहाला नक्की येतो.

आडवाटेचा_पाटील

अर्धा दिवस मेट्रोने जाताय म्हणजे अर्धा माझा विजय मानतो. तटबंदीवर सायकल घेणार असाल तर दक्षिणेच्या योंगनिंग दरवाज्याने चढा. पूर्ण फेरी १३.७ किलोमीटर आहे, विटांची फरशी खडबडीत, बूड दुखतं. भिंत मिंग राजघराण्याच्या काळातली, १३७० च्या दशकात बांधलेली, वर रुंदी एवढी की दोन ट्रक शेजारून जातील.

कोल्हापुरी_वहाण

धागा उशिरा बघितला. छान चर्चा. मला सांगा, शिआनवरून ल्हासाला ट्रेन जाते ना? त्याला पण प्रायव्हेट गाइड लागतो का?

बाणेर_ते_बीजिंग

जाते. पण तिबेटला परदेशी माणसाला एजन्सीमार्फत परमिट लागतं आणि गाइड सक्तीचाच आहे, तिथे पाटलांचा पण इलाज नाही.

तिरकस

वेगळा धागा काढा हो, नाहीतर मी हत्तींना काय पाजायचे यावर परत सुरू होईन.